झाडलेली जमीन

डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले होते, म्हणून त्या दुपारी मला काहीच धड दिसत नव्हतं. जबलपूरला राइट टाउनमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यातून निघून ऑटोत बसले तेव्हा फेब्रुवारीचं साधं ऊनसुद्धा चुन्यासारखं पांढरं वाटत होतं. दुकानांच्या पाट्या, स्कूटर, माणसं, सगळ्यांच्या कडा पुसल्या गेल्या होत्या. मोतीबिंदू पिकला आहे, पावसाळ्याआधी काढून टाकू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी डोळे मिटून बसले होते आणि पर्समधला फोन वाजला. चाचपूनच उचलला. एक मुलगी बोलत होती. "आप भागीरथा टेंभुर्णे जी बोल रही हैं? सॉइल सेक्शन वाली?" निवृत्त होऊन मला दहा वर्षं झाली. त्या दहा वर्षांत सॉइल सेक्शनवाली म्हणून मला कोणी हाक मारली नव्हती. हो म्हटलं. तिचं नाव जया निखाडे. आडनाव ऐकून मी मराठीत विचारलं, तर ती हसली. "समजते मला सगळी, आंटी, बोलता नाही येत धड. घरी आजी बोलते." मग तिने आपलं काम सांगितलं आणि माझ्या जुन्या रजिस्टरातून वाचून दाखवलं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, दहा एप्रिल, दुपार, पाच सेंटीमीटर खोल, तेहतीस पॉइंट चार. अकरा एप्रिल, तेहतीस पॉइंट सात. मी मिटल्या डोळ्यांनी ऐकत होते, आणि ऑटो मालवीय चौकातून वळत असताना मला ते पान दिसलं, निळ्या शाईचं, आणि त्यावरचे पोटात बाक असलेले माझे सातचे आकडे. "बस एक चीज कन्फर्म करायची होती आंटी. जमीन नॅचरल थी ना? मतलब पत्ते-वत्ते जैसे गिरते हैं, वैसे ही पड़े रहते थे?" मी म्हणाले, "हो." इतकंच. तिने थँक्यू म्हटलं, रविवारी एका कागदावर सही घ्यायला येते म्हणाली, आणि फोन ठेवला.

रांझीला घरी पोचेपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहत होतं. राधाबाई, माझी भावजय, भाऊ गेल्यापासून आम्ही दोघीच घरात असतो, ती ओट्यावर तूर निवडत होती. "काहून वो वन्स, रडून राहिल्या का?" थेंबांचं पाणी आहे म्हटलं. "अच्छा, मी म्हटलं डॉक्टरनं काही वाईट सांगतलं." तिने मला हात धरून पलंगावर बसवलं, चहा दिला. मी भिंतीकडे तोंड करून पडले. जे बोलायचं नव्हतं ते मी बोलले होते असं नव्हे. उलट, जे बोलायला हवं होतं ते एका अक्षरात टाळलं होतं, आणि टाळायला मला विचारसुद्धा करावा लागला नव्हता. चव्वेचाळीस वर्षं तो 'हो' तोंडात तयार ठेवलेला असावा तसा तो निघाला.

माझे वडील टिकाराम त्रेचाळीस साली भंडाऱ्याकडून इकडे आले, खमरियाच्या कारखान्यात लागले, आणि क्वार्टर मिळाल्यावर आईला घेऊन आले. छप्पन साली ते दीक्षेला नागपूरला गेले, आणि पुढच्याच महिन्यात राज्यं बदलली. ते म्हणायचे, नागपूर तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो, पण जे आणायचं होतं ते घेऊन आलो. गावी त्यांची आई पाटलाचा गोठा आणि अंगण झाडायची, रोज, सूर्य उगवायच्या आत, आणि झाडून झालं की मागे फिरून आपल्याच पावलांवरून खराटा ओढत निघायची, पाऊल राहू नये म्हणून. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी पाच-सहा वर्षांची असेन, क्वार्टरपुढचं अंगण आईबरोबर झाडत होते, हौसेने, आणि ते पहिल्या पाळीहून आले. त्यांनी माझ्या हातातून खराटा घेतला, मारलं नाही, ओरडले नाहीत, आईला म्हणाले, "पोरीच्या हाती हे दिसलं नाही पाहिजे पुन्हा." आई म्हणाली, "घरचं तं आहे." "घरचंबी नाही." तेव्हापासून आई एकटीच झाडायची, आणि मी ओट्यावर बसून पाटीवर बाराखडी काढायचे. खमरियात आमच्या अंगणाइतकं स्वच्छ अंगण नव्हतं. कोणी बोट दाखवू नये, हे आईच्या खराट्यात होतं. आणि मी हात लावू नये, हेही. माझ्या लिहिण्याच्या प्रत्येक आठवणीमागे तो आवाज आहे, खर्र, खर्र, आणि मध्ये एक थांबणं, ती कंबर सरळ करायची ते. मला फार वाटायचं की उठावं आणि तिच्या हातातून घ्यावा. मी उठले नाही. बीएस्सी झाले.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत मी सरकारी वनसंशोधन केंद्रात फील्ड असिस्टंट म्हणून लागले. कुंडम रोडवर आत जंगलात सागाचे चार प्लॉट आखलेले होते, त्यांतला नंबर तीन माझा. देशकरसाहेब, श्रीरंग देशकर, आमचे सायंटिस्ट, त्यांना सागाच्या जमिनीचा अभ्यास करायचा होता. तेव्हा हवा तापते आहे वगैरे कोणी बोलत नव्हतं, लाकूड किती वाढतं एवढाच प्रश्न होता. काम साधं होतं. जमिनीत तीन वाकड्या मानेचे काचेचे थर्मामीटर रोवलेले, पाच, दहा आणि वीस सेंटीमीटरवर. सकाळी सात आणि दुपारी दोनला वाचायचे, पण घड्याळातले सात नव्हेत, सूर्याचे. जबलपूरचा सूर्य घड्याळाच्या दहा मिनिटं मागे चालतो, म्हणून सात दहा आणि दोन दहा. पारा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून जमिनीवर पोटावर आडवं पडायचं, नाहीतर अर्ध्या डिग्रीची चूक येते. शिवाय आठवड्यातून एकदा जमिनीचा श्वास मोजायचा. माती श्वास सोडते, तिच्यातले किडे, बुरशी, मुळं सोडतात. एका बाटलीत अल्कलीचं पाणी ठेवून वर पत्र्याचा डबा पालथा घालायचा, चोवीस तासांनी बाटली काढून गुलाबी रंग जाईपर्यंत थेंबथेंब आम्ल टाकायचं. सोमवार ते शनिवार मी तिथल्या वनखात्याच्या नाक्यावरच राहायचे, वॉचर नथ्थू आणि त्याची बायको चंपाबाई यांच्या शेजारच्या खोलीत. रविवारी बसने घरी. वडील शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी जमिनीचा ताप मोजते." डॉक्टरीण असल्यासारखं.

पहिल्या आठवड्यात मी पोटावर पडले तेव्हा सागाचं एक वाळकं पान गालाखाली चुरडलं आणि त्याखालून विंचू निघाला. लहान, पिवळट. मी ओरडले नाही, सरकले. नथ्थू म्हणाला, "बहनजी, पत्ता हटा लिया करो, पत्ते के नीचे सब रहते हैं." दुसऱ्या दिवशी मी चंपाबाईचा खराटा मागितला. छाती-डोकं टेकण्यापुरतीच जागा झाडली, हातभर लांब. पण ती हातभर जागा वाईट दिसायला लागली, गोधडीला ठिगळ लावावं तशी. मग थोडं पुढे, थोडं बाजूला, आणि आठवडाभरात मी अख्खा प्लॉट झाडत होते, वीस बाय वीस फूट, सकाळी सहाला, नथ्थू बकऱ्या सोडायच्या आत. आज मला म्हणता येईल की विंचवासाठी. ते खरं नाही. विंचवासाठी हातभर पुरत होतं. मला ते आवडायचं. थंडीत पानं दवाने ओली असायची तेव्हा आवाज दबका यायचा, मार्चमध्ये पानं टोकांनी कडक झाली की एखाद्या मोठ्या कागदावरून हात फिरवावा तसा. खालची जमीन दिसायला लागायची, तांबूस, खराट्याच्या बारीक रेघा उमटलेली, आणि मी तिच्याकडे बघत उभी राहायचे. इथे वडील नव्हते. इथे कुणाचं अंगण नव्हतं, पाटील नव्हता, सरकारी जंगल होतं आणि मी ते पगारी ऑफिसरसारखी, मनाने, कोणी न सांगता झाडत होते. दिवाळीआधी चंपाबाईने न विचारता प्लॉटला भोवताली छुही मातीची पांढरी किनार ओढून दिली, तिच्या घराच्या भिंतीला देते तशी. "दीदी, इत्तो साफ रखती हो, तो सजा दऔ." सजवून दिलं म्हणाली, आणि मी घाबरले. त्याच आठवड्यात देशकरसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. मला वाटलं, आता गेली नोकरी. साहेबांनी चष्मा वर केला, किनार पाहिली, हसले आणि पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले की हा आमचा सर्वांत नीट ठेवलेला प्लॉट. पाहुण्यांनी फोटो काढला. साहेब दोन महिन्यांतून एकदा यायचे, सावलीत उभे राहून रजिस्टर बघायचे, पुढच्या प्लॉटवर जायचे. पानं कुठे गेली, हे त्यांना विचारावंसं वाटलं नाही. स्वच्छ गोष्ट बघितली की माणूस प्रश्न विचारत नाही. बाकीचे तीन प्लॉट पुढे दोन-तीन वर्षांत बंद पडले, कुठे थर्मामीटर फुटला, कुठे माणूस बदलला. पाच वर्षं सलग, रविवार सोडून एकही दिवस न गाळता, फक्त तीन नंबरचं रजिस्टर आहे.

आणि त्या रजिस्टरात शेवटचा रकाना होता, शेरा. त्यात मी सगळं लिहीत असे. ढगाळ. वारा. माकडाने डबा हलवला, नोंद धरू नये. एकदा मला ताप होता, वाचताना हात थरथरत होता, तेही लिहिलं. पाच वर्षांत एकदाही लिहिलं नाही की झाडले. लिहायला घेतलं होतं एकदा, 'झा' पर्यंत. मग वाटलं, हे रजिस्टर जबलपूरला जाईल, डेहराडूनला जाईल, ऑफिसातल्या टाइपिस्टला हे टाइप करावं लागेल, आणि त्याच्या तोंडावर ते हसू येईल जे मी ओळखते. टेंभुर्णे झाडते होय. आणखी काय करणार. मी त्या 'झा'पुढे अक्षरं जोडत जोडत 'झाडाची फांदी पडली' असं केलं. त्या दिवशी कुठलीच फांदी पडली नव्हती. माझ्या सबंध नोकरीत ती एकच खोटी नोंद आहे, असं मी स्वतःला सांगत आले.

डोळ्यांतल्या थेंबांचा परिणाम दुसऱ्याच दिवशी उतरला, तरी तो आठवडाभर मला उजेड सोसेना. जयाने फोनवर जे सांगितलं होतं ते मी पुन्हा पुन्हा उलगडत होते. ती पीएचडीसाठी त्याच तीन नंबरवर चार वर्षं काम करत होती. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत इथली हवा एका डिग्रीहून जास्त तापली, मग जंगलातली जमीन किती तापली, हा तिचा प्रश्न. जमीन तापली की जोरात श्वास सोडते, शेकडो वर्षांचा साठवलेला कार्बन सोडते, हवा आणखी तापते. आणि तिला काय मिळालं, तर माझ्या वेळची मार्च ते मे दुपारची सरासरी तेहतीस पॉइंट एक, आणि तिची तेहतीस पॉइंट तीन. "पॉइंट टू, आंटी. मतलब कुछ नहीं. सर म्हणाले, अच्छी खबर है, जंगलने जमीन को बचा लिया." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. ते जंगल बरं आहे असं वाटलं होतं. पण मी फील्ड असिस्टंट होते. उघड्या जमिनीवर दुपारी ऊन सरळ पडतं आणि पानांखालच्या जमिनीवर पडत नाही, हे समजायला पीएचडी लागत नाही. माझा आकडा पानांखालच्या जमिनीचा नव्हताच. माझा आकडा अंगणाचा होता. तिचा जंगलाचा आहे. आणि आजच्या जंगलाची सावलीतली जमीन माझ्या वेळच्या उघड्या अंगणाइतकी तापते आहे. मी उठून पाणी प्यायले. मग वाटलं, सही करून टाकावी. देशकरसाहेब गेले, नथ्थू गेला, चंपाबाई कुठे असेल कोण जाणे. विचारणारं कोणी नाही. माझं म्हणावं असं तीन नंबरचं रजिस्टर तेवढंच आहे. मूल नाही, पुस्तक नाही, पाच वर्षं न गाळलेले दिवस आहेत. ते गेलं तर टिकाराम टेंभुर्ण्यांच्या पोरीने काय मोजलं?

रविवारी जया स्कूटीवर आली. पंचविशीची, उन्हाने रापलेली, नखांत माती. नखं बघून मला ती आवडली. राधाबाईने पोहे दिले. जयाने कागद पुढे केला. टाइप केलं होतं, सर्व नोंदी नैसर्गिक पालापाचोळ्याच्या आच्छादनावर घेतल्या. खाली माझं नाव, आणि नावाखाली ऑब्झर्व्हर. मी पेन हातात घेतलं आणि म्हणाले, "मी झाडत होती."

"जी?"

"प्लॉट. रोज सकाळी झाडत होती. पानं नव्हती तिथं. एकबी."

तिला कळायला वेळ लागला. "साल में एक-दो बार?"

"रोज. पाच वर्षं. रविवार सोडून."

"पर आंटी, परवा तुम्ही हो म्हटली ना!" तिचा आवाज चढला. "आणि रजिस्टर में तो कहीं नहीं लिखा. तुम्ही बंदर तक लिखा है!"

"ते लिवलं. हे नाही लिवलं."

"काहून?" हा शब्द तिने आजीकडून घेतला असावा, तो तेवढा शुद्ध आला. मी उत्तर देणार, तेवढ्यात आतून राधाबाई. "हे पहा! तीस वर्षं झाली मला या घरात येऊन, वन्सनं कधी झाडू हाती धरला नाही. बाबांची कसम हाय म्हणे. आणि जंगलात जाऊन झाडत होत्या! जंगल झाडते का कोणी?" आणि ती हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी जयाला सांगितलं, आजीचं, पाटलाच्या अंगणाचं, मागे पावलांवरून ओढलेल्या खराट्याचं, टाइपिस्टचं. नीट लावून नाही, जसं आलं तसं. ती पोहे तसेच ठेवून ऐकत होती. "चार साल, आंटी," एवढंच म्हणाली, स्वतःशी. मग तिने कागद उलटा केला आणि पाठीवर लिहायला घेतलं. किती वाजता? सहा. कशाने? बांबूच्या काड्यांच्या खराट्याने. जमीन खरवडली जायची का? नाही, वरवर. पावसाळ्यात? चिखल असेल तेव्हा नाही. पाणी शिंपत होता? नाही. किनार? चुन्याची नव्हे, छुहीची, काठाला फक्त. ती विचारत होती आणि मी सांगत होते, आणि मला लक्षात आलं की चव्वेचाळीस वर्षांनी कोणीतरी माझ्या झाडण्याची नोंद घेत आहे, एखाद्या पद्धतीची घ्यावी तशी. शेवटी ती म्हणाली, "अर्धा प्लॉट झाडून बघावं लागेल. तसंच, जसं तुम्ही करत होती. अर्धा तसाच ठेवायचा. एक साल. मग कळेल फर्क किती, तो तुमच्या आकड्यांतून काढता येईल. रीडिंग वाया नाही जाणार." मग कागदाची घडी घालत, "सर मुझे मार डालेंगे." मी म्हणाले, "मला घेऊन चल सरकडं." "नाही," ती म्हणाली, "प्लॉटवर चला."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. राधाबाईने डबा दिला आणि एक टोमणा. "घरचा झाडू नेता का सोबत?" नाका आता पक्का आहे, रात्री राहायला खोली आहे. थर्मामीटर नाहीत, जमिनीत काळ्या तारा पुरल्या आहेत आणि एक डबी दर दहा मिनिटांनी आपोआप लिहिते, कोणाला पोटावर पडावं लागत नाही. प्लॉटच्या मधोमध जयाने दोरी बांधली होती, दोन्ही बाजूंना सारख्याच खोलीवर तारा. तिच्याबरोबरचे दोघे टेक्निशियन होते, एक म्हणाला, "अम्मा, आप बैठिए, हम कर देते हैं." मी म्हणाले, "नहीं भैया. जैसा तब होता था, वैसा ही होना चाहिए." खराटा हातात घेतला. दोघेही बघत होते, जया बघत होती, दिवसाउजेडी. पहिला हात लहान गेला, दुसरा बरा. पानं फार होती, चार बोटं जाड थर, आणि वरची पानं सरली तसा खालचा थर उघडा पडला, काळा, ओलसर, पानांच्या नुसत्या शिरा उरलेला, त्यांतून पांढरे बारीक धागे गेलेले, एक गोम पळाली. मी थांबले. हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाच वर्षं मी दर आठवड्याला या जमिनीचा श्वास मोजला, आणि ती श्वास घेते तो भाग मी दर सकाळी टोपलीत भरून बाहेर टाकत होते. कंबर सरळ केली, पुन्हा वाकले. अर्धा प्लॉट व्हायला मला पाऊण तास लागला. पूर्वी अख्ख्याला वीस मिनिटं लागायची. दुपारी दोन दहाला जयाने डबीतून आकडे काढले. झाडलेली बाजू एकतीस पॉइंट आठ. न झाडलेली एकोणतीस पॉइंट चार. दोघींनीही मनात वजाबाकी केली. ती म्हणाली, "एक दिवसाचं आहे, आंटी, काही म्हणता येत नाही." मी म्हणाले, "नाहीच म्हणता येत." पण आम्हांला दोघींना माहीत होतं की जंगलाने जमीन वाचवलेली नाही, दोन डिग्री तरी चढलेल्या आहेत, आणि त्या माझ्या खराट्याखाली इतकी वर्षं झाकलेल्या होत्या. डबा खाताना आमच्यापुढेच झाडलेल्या बाजूवर पानं पडत होती. जयाने मोजली, सतरा. "रोज झाडावं लागेल ना?" "रोज. सहाला."

दुसऱ्या दिवशी सहाला मला उठताच आलं नाही. कंबर धरली होती. जया मला धरून प्लॉटवर घेऊन आली आणि नाक्यावरची प्लास्टिकची खुर्ची आणून दोरीजवळ, झाडायच्या बाजूला ठेवली. खराटा तिने स्वतः घेतला. टेक्निशियन पुढे झाले तर म्हणाली, "नहीं, मुझे सीखना है, साल भर करना है." तिला येत नव्हतं. घरातली फरशी झाडावी तसं टोकाने उडवत होती. मी बसल्या जागेवरून सांगितलं, "इतकी वाकू नको. आडवा धर. ओढ, फेकू नको." तिने धरला, ओढला. हळूहळू तो आवाज यायला लागला, जरा तुटक, पण तोच. मी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. ती कडेने सुरू करून आत येत होती, पानांचा ढीग पुढे ढकलत, घाम पुसत, आणि शेवटी माझ्या खुर्चीपर्यंत आली. थांबली. कंबर सरळ केली.

"आंटी, पाय."

मी पाय उचलले.